काठावरचं कोरडं माणूस

तुम्हाला पोहता येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

तलावावरच्या शिकवणाऱ्या सरांनी? एकवीस दिवसांच्या वर्गानंतर हातात पडलेल्या त्या कागदाने, ज्याच्यावरचा शिक्का ठळक असतो आणि सही कुणाची ते देवाला ठाऊक? की चार जणांत कुणी विचारलं आणि तुम्ही मान हलवून मोकळे झालात? राग येत असेल तर खुशाल येऊ द्या. जिची ही गोष्ट आहे ती बाई हाच प्रश्न तेवीस वर्षं रोज शे-दीडशे माणसांना मनातल्या मनात विचारते आहे, आणि तोंडाने एवढंच म्हणते, "टोकन घ्या. चपला बाहेर."

शहराच्या सार्वजनिक तरण तलावाच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक खिडकी लागते. खिडकीत एक उंच स्टूल, मागच्या भिंतीवर खिळे ठोकलेली फळी, खिळ्यांना पितळी टोकनं, आणि स्टुलावर ही. तिचं नाव हजेरीपटावर आहे, पण तिथे ते कुणी घेत नाही. टोकनमावशी म्हणतात. टोकन रबरी कड्यात ओवलेलं असतं. येताना मनगटात घालायचं, जाताना परत द्यायचं. शेवटची शिट्टी झाली की मावशी फळीकडे बघते. एक जरी खिळा रिकामा असला तरी ती दिवे मालवत नाही. एकदा एक मुलगी टोकन हातात घालूनच घरी गेली, तर मावशीने दोन्ही जीवरक्षकांना परत पाण्यात उतरवून सगळा तळ पायाने चाचपायला लावला आणि मग मुलीच्या घरी फोन केला. मुलीचा बाप उखडला. "एका टोकनासाठी एवढा तमाशा?"

"टोकन ठेवा तुम्हाला," मावशी म्हणाली. "मुलगी घरात आहे का, तेवढं आत जाऊन डोळ्यांनी बघून सांगा. मी फोन धरते."

दर दोन तासांनी ती काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेते, त्यात औषधाचे थेंब टाकते, आणि पिवळा रंग किती चढला ते तक्त्याशी लावून बघते. तेवीस वर्षांत तलावातल्या क्लोरीनचा वास तिच्या केसांत, टॉवेलात, उशीच्या अभ्र्यात मुरलाय. नवरा म्हणतो, "तू शेजारी आलीस की मला वाटतं मला दवाखान्यात भरती केलंय."

आणि एवढं असूनही त्या तलावाला ती पाणी म्हणत नाही. टाकी म्हणते. "टाकी आज हिरवट दिसतेय." "टाकीला सुट्टी आहे." पाणी हा शब्द तिने दुसऱ्या एका जागेसाठी राखून ठेवलाय.

ती जागा शहरापासून बसने सव्वा तासावर आहे. शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि खडकांतून वीस मिनिटं खाली चालत जायचं. नदी तिथे दोन काळ्या कड्यांमधून अंग चोरून येते, पुरुषभर उंचीवरून पडते आणि पडल्यावर एकदम गप्प होते. तो डोह. हिरवा, पण पानाचा हिरवा नाही. जाड बाटलीची काच उन्हात धरली की दिसतो तसला. दुपारी बाराच्या सुमारास ऊन सरळ आत उतरतं, तेव्हा दोन हात खाली मासे आपापल्या सावलीवर थांबलेले दिसतात. मधोमध एक खडक पाठ वर काढून बसलाय, त्याला म्हैस म्हणतात. वरचं पाणी कोमट. कमरेच्या खाली गार. आणखी खाली पाय सोडलात की असं गार की हसू फुटतं. मावशीला फुटायचं.

त्या डोहाच्या काठावर जुनं पंपघर होतं आणि मावशीचा बाप त्याच्यावर ऑपरेटर. दोन खोल्यांचं क्वार्टर, पंप चालू झाला की भिंतीवरचा आरसा थरथरायचा. तिथे ती एकोणीस वर्षं वाढली. बापाने आपल्याला चालायला आणि पोहायला एकाच वर्षी शिकवलं असं ती सांगते. थोडं फुगवून सांगत असेल, पण चालताना ती गुडघा धरून चालते आणि पाण्यात कशी होती हे ज्यांनी बघितलंय ते लोक अजून आहेत.

बापाने त्या घरात एकच कायदा केला होता. कुणीही पाण्यात उतरणार असेल तर एक माणूस काठावर कोरडं राहणार. कोरडं म्हणजे कोरडं. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही. भावंडांत पाळ्या लागायच्या आणि ज्याची पाळी तो तोंड फुगवून बसायचा. कोरड्या माणसाला पोहता आलंच पाहिजे असं नव्हतं. त्याचं काम बघायचं.

काय बघायचं? तर नदीवर वर बंधारा आहे. त्याचे दरवाजे उघडायला वेळकाळ नाही. उघडले की डोहाचं पाणी चढतं, आणि चढताना आवाज करत नाही. पोहणाऱ्याला ते कळत नाही, कारण तोही पाण्याबरोबर वर येत असतो. मात्र डाव्या कड्याच्या पायथ्याशी एक सपाट दगड आहे, जेवायच्या टेबलाएवढा, पाण्याच्या वर वीतभर. त्याला घरात पायरी म्हणायचे. पायरी पाण्याखाली गेली की कोरड्या माणसाने हाक मारायची. हाकेनंतर सहा-सात मिनिटं मिळतात. मग नदी लाल होऊन येते. डाव्या कड्याखाली एक कपारही आहे, पाणी तिच्यात शिरतं आणि खालच्या खाली कुठून तरी बाहेर पडतं. वरून काही दिसत नाही. उलट तिथलंच पाणी सगळ्यात देखणं, आरशासारखं. म्हणून कोरड्या माणसाचा एक डोळा पोहणाऱ्यावर आणि एक पायरीवर.

मग तिचं लग्न झालं एका घड्याळजीशी. पाण्याच्या बाबतीत हा गृहस्थ बादलीकडेही संशयाने बघणारा. पण लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ती त्याला डोहावर घेऊन गेली, त्याच्या मांडीवर ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब ठेवली, ट्यूबचा दोर झाडाला बांधला, कायदा समजावून सांगितला आणि पाण्यात शिरली. तो आयुष्यभर बारीक चाकं बघत आलेला माणूस. बघण्यात त्याला कोण हरवणार? ती पैलतीरापर्यंत जाऊन यायची, पडत्या पाण्याखाली उताणी पडून राहायची, आणि तो काठावरून ओरडायचा, "जिवंत असशील तर एक हात वर कर." ती पाय वर करायची. मुलगी झाली, मुलगी मोठी झाली, मावशीला टाकीवर नोकरी लागली, तरी हे रविवार चुकले नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी एक चुकला. ती म्हशीजवळ उताणी तरंगत होती. डोळे मिटलेले. आणि पाण्याचा वास बदलला. मातीचा आला. डोळे उघडून बघते तर पायरी कुठे दिसेना. हाक आलीच नव्हती. तिने म्हशीच्या पाठीला नखं रोवली, मग ट्यूब कशीबशी हाताला लागली, आणि बाहेर आली तेव्हा उजव्या गुडघ्याचं कातडं सोलून निघालं होतं. घड्याळजी दोर ओढता ओढता पांढराफटक पडला होता आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पायरी होती गं. आत्ता होती."

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरने त्याचं डोकं एका यंत्रात ठेवलं आणि सांगितलं, बाजूला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबा. दिवे कितीतरी लुकलुकले. याने बटण दाबलं चार वेळा. काचबिंदू. समोरचं शाबूत, कडेचं गेलेलं. घड्याळं दुरुस्त करायला समोरचं तेवढं पुरतं, म्हणून कित्येक वर्षं त्याला स्वतःलाही पत्ता लागला नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर औषधाची चिठ्ठी हातात धरून तो म्हणाला, "मला एका वेळी एकच दिसतं म्हणे. तुला बघायचं की पायरी बघायची? मी तुला बघत होतो."

मावशीने चिठ्ठीची घडी घातली आणि औषधाच्या दुकानाकडे चालायला लागली. त्यानंतर डोहाचं नाव त्या दोघांत निघालं नाही. ट्यूब कपाटाच्या वर गेली. ती टाकीवर जात राहिली. तलावाच्या साफसफाईच्या दिवशी कर्मचाऱ्यांना अर्धा तास पोहायची मुभा आहे, तर ती पाण्यात उतरते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत येते, आणि बाहेर पडून अंग पुसताना तिचं तोंड असं असतं की जणू कुणी तिला भूक लागली असताना जेवणाचा फोटो दाखवलाय.

मुलीला ती एकदा म्हणाली होती. मुलगी परगावी शाळेत शिकवते, संध्याकाळी रोज फोन करते. "एखाद्या रविवारी येशील का? तू नुसती काठावर बस."

"मी तिथे बसून तुला बुडताना बघू? ते काम बाबांनी एकदा केलंय. पुरे."

"बुडाले का मी?"

"आई, तुला पाणीच हवंय ना? सगळा दिवस पाण्याशेजारीच तर बसतेस."

"ती टाकी आहे," मावशी म्हणाली आणि मुलीच्या शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांची चौकशी करायला लागली. एकदा मागितलं आणि नाही मिळालं की पुन्हा हात पसरायचा नाही, असा तिचा ताठा. हा ताठा कौतुकाचा नाही हे मला कळतं. पण तो नसता तर ती ती नसती.

या वर्षी काय झालं, तर डोह मोबाईलवर आला. कुणीतरी वरच्या कड्यावरून उडी मारतानाची फीत टाकली आणि बघता बघता रविवारच्या बसला उभं राहायला जागा मिळेना. गेल्या वर्षी तिथून दोन जण परत आले नव्हते. त्यावर सरकारी कचेरीने काय केलं ऐका. फलक लावला. फलकावर कवटी काढली. आता लोक कवटीच्या गळ्यात हात टाकल्यासारखे उभे राहून फोटो काढतात. तिथे एक माणूस, एक भोंगा आणि एक दोर ठेवा, असे अर्ज गेले. एक नाही, पाच. उत्तर आलं की तिथे पोहायला मनाई आहे, आणि जिथे मनाई आहे तिथे राखणदार नेमला तर परवानगी दिल्यासारखं होईल. हे उत्तर लिहिणाऱ्याला पगार मिळतो.

तर एका शुक्रवारी तलावावर तीन तरुण मुलं खिडकीशी उभी होती. मावशी नेहमीच्या माणसांना त्यांच्या ठरलेल्या टोकनाच्या नंबराने ओळखते. बारा नंबर उंच, खांदे रुंद, रोज भिंतीपासून भिंतीपर्यंत चाळीस लेंग्थ मारणारा. सात नंबर त्याचा मित्र, जे बारा म्हणेल त्याच्या निम्मं म्हणणारा. आणि एकतीस नंबर एक मुलगी, तिघांत तीच नीट पोहणारी.

"रविवारी डोहावर जायचं," बारा म्हणाला. "बघितलास ना? या काठापासून त्या काठापर्यंत एक लेंग्थसुद्धा नाहीये."

"पाऊण," सात म्हणाला.

मावशीचा हात फळीवरच थांबला. टाकीत शिकलेल्या माणसाची ही एक खोड असते, आणि ती त्याला टाकीच लावते. तो प्रत्येक पाणी लेंग्थमध्ये मोजतो. टाकीत लेंग्थ संपली की भिंत हाताला लागते. तळाशी निळी रेघ असते, ती धरून सरळ जाता येतं. दमलात तर पाय टेकतात. डोहाला यातलं एकही नाही, आणि अंतर मात्र तेवढंच दिसतं.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"का हो मावशी? तुम्ही गेलाय कधी?"

मावशीने खिडकीतून हात पुढे केला. "टोकन हातात दे. असं खिडकीत फेकू नकोस."

घरी आल्यावर तिने घड्याळजीला सगळं सांगितलं. तो खिडकीशी बसून एक मनगटी घड्याळ उघडत होता. आता गिऱ्हाइकांची कामं घेत नाही, पण हाताला चाळा लागतो म्हणून स्वतःचीच घड्याळं खोलतो आणि लावतो.

"मग रविवारी जा की," तो म्हणाला.

"मुलांना अडवायला जावं म्हणतेय."

"हो, मुलांना अडवायलाच."

रविवारी सकाळी निळी पिशवी भरली गेली. उकडलेली अंडी, केळी, पाण्याची बाटली, टाकीवरची शिट्टी. बसमध्ये पिशवी घड्याळजीच्या मांडीवर होती. त्याने वरून चाचपली, आत हात घातला, टॉवेलाच्या घडीत बोटं गेली.

"मुलांना अडवायला पोहायचा पोशाख लागतो का?" त्याने विचारलं.

"तुम्ही बाहेर बघा."

"बाहेरचं मला थोडंच दिसतं. म्हणून तर आत चाचपतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "ट्यूब मी कालच फुगवून ठेवली होती. हवा धरून आहे."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. तो तिच्या बाजूला होता, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसण्याची भीती नव्हती.

दहाच्या सुमाराला ती त्याला हाताला धरून खाली घेऊन गेली. अकरा वर्षांत डोहाचं काही हललं नव्हतं. पंपघराचं छप्पर गेलं होतं, भिंतीतून झुडपं निघाली होती, पण पाणी तेच. तेच. घड्याळजीने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "आवाजावरून पाणी बेताचं आहे."

"हो."

"हिरवं आहे का?"

"हो."

"मग गप्प का झालीस?"

तेवढ्यात वरून हाक आली, "मावशी, इथे पण टोकन देता का?" बारा, सात आणि एकतीस खडक उतरत होते. बाराने शर्ट आधीच काढून कमरेला बांधला होता.

"देते," मावशी म्हणाली. "चपला इथे रांगेत काढा. तीन जोड. जाताना तीन जोड माणसांसकट गेले पाहिजेत."

बारा डाव्या कड्याकडे निघाला. तिथलं पाणी आरशासारखं पडलं होतं. मावशीने त्याला अडवलं नाही, हात धरला नाही. हातभर लांब वाळकी काटकी उचलली आणि म्हणाली, "तू उडी मारायच्या आधी हिला जाऊ दे." घड्याळजीला म्हणाली, "वेळ लावा."

काटकी पाण्यावर पडली. संथ डावीकडे सरकली. कड्याजवळ जाऊन एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, मग ताठ उभी राहिली, कुणी खालून धरल्यासारखी, आणि गेली.

"गेली," एकतीस म्हणाली.

घड्याळजीने घड्याळ नाकासमोर धरलं. सात पाण्याकडे बघत होता, बारा आकाशाकडे. बऱ्याच वेळाने एकतीसने बोट दाखवलं. म्हशीच्या पलीकडे, खाली, जिथे डोह संपून नदी पुन्हा सुरू होते, तिथे काटकी वर आली होती.

"अठ्ठेचाळीस सेकंद," घड्याळजी म्हणाला. "किती वेळ श्वास धरतोस रे तू?"

"एक मिनिट," बारा म्हणाला.

"टाकीत. तिथे वर कधी यायचं ते तू ठरवतोस."

बाराने कमरेचा शर्ट सोडला आणि पुन्हा अंगात घातला. त्याला लाज वाटली होती आणि लाज लपवायला तो शेवाळ्यावर घसरल्याचं नाटक करत होता. मावशीला त्याचा राग आला नाही. तिने तिघांना उजव्या बाजूला नेलं, जिथे तळ वाळूचा आहे, पायरी दाखवली, कायदा सांगितला. दोघांनी उतरायचं, एकाने थांबायचं, आणि ती स्वतः कोरडी. मुलं पाण्यात शिरली. पहिली गार धार लागली तसे तिघेही पाळीपाळीने हसले. मावशी ट्यूब मांडीवर घेऊन बघत राहिली. एक डोळा यांच्यावर, एक पायरीवर. आपल्या पायाची बोटं चपलेत आखडली आहेत हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

अकराच्या पुढे पायरीची कड ओली झाली. मग काळी. मग नाही. मावशीने शिट्टी फुंकली, टाकीवर फुंकते तशीच लांब.

"आत्ताच तर उतरलोय," पाण्यातून बारा ओरडला. "काही झालेलं नाही."

"काही होईल तेव्हा मी शिट्टी वाजवत नसते. बाहेर."

एकतीसने त्याला दंडाला धरून ओढलं. ते बाहेर येऊन अंग पुसेपर्यंत वरच्या कड्यातून लाल पाणी आलं. म्हैस बुडाली. जिथे ही मुलं हसत होती तिथून एक अख्खी फांदी फिरत गेली. सात खाली बसला आणि बसूनच राहिला. मावशीने चपलांचे जोड मोजले, मग सगळ्यांना एकेक अंडं दिलं.

एक वाजेपर्यंत पाणी उतरलं. पायरी वर आली, चिखल धुऊन गेला, हिरवा परत आला, आणि ऊन अजून आत. मासे आपापल्या सावलीवर. मावशी त्याच्याकडे बघत होती आणि एकतीस मावशीकडे. ती मुलगी हुशार आहे.

"मावशी, तुम्ही उतरा. मी बसते कोरडी."

मावशीने घड्याळजीकडे बघितलं. तो म्हणाला, "मी तुला बघतो. ही पायरी बघेल. हिशोब जमला." इतकं सोपं होतं ते. अकरा वर्षं दोघांनाही सुचलं नव्हतं, कारण दोघांनी ते कधी बोलूनच दाखवलं नव्हतं.

ती पंपघराच्या भिंतीआड गेली. गडद निळा जुना पोशाख, खांद्यावर विरलेला. बाहेर आली तेव्हा बारा आणि सातने माना दुसरीकडे वळवल्या, एवढी अक्कल त्यांना होती. तिने घोटा पाण्यात घातला. मग पोटरी. गुडघ्यावरच्या जुन्या वणाला पाणी लागलं. आणखी दोन पावलं आणि पाण्याने तिला उचललंच असतं. तिथे थांबून तिने सवयीने मागे वळून पायरीकडे आणि मग एकतीसकडे बघितलं.

एकतीसने मोबाईल समोर धरला होता. ती मावशीचा फोटो काढत होती. काढला, मग मान खाली घालून कसा आलाय ते बघितलं. मोठ्या प्रेमाने बघत होती. तेवढा वेळ मावशी पाण्यात उभी राहून मोजत होती. वीस. पंचवीस. तीस. पायरीकडे कुणी बघत नव्हतं, आणि घड्याळजी मान ताठ करून, डोळे ताणून, फक्त तिला बघत होता.

ती मागे फिरली.

"काय झालं मावशी?" एकतीसने दचकून विचारलं.

"पाणी गार आहे आज."

एकतीसला ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं असं मला वाटतं, पण फोटो खरंच चांगला आला होता, आणि इतक्या प्रेमाने पुढे केलेली वस्तू कुणाच्या तोंडावर कशी फेकायची? परतीच्या बसमध्ये पिशवीतला पोशाख गुडघ्यापुरता ओला होता. घड्याळजीने ती ओल बोटांनी चाचपून बघितली.

"किती आत गेलीस?"

"गुडघ्यापर्यंत."

"मला वाटलं होतं कमरेपर्यंत."

"तुम्ही तर बघत होतात."

"बघत होतो," तो म्हणाला. "पाणी कुठवर आलंय ते मात्र नव्हतं दिसत. तुझं तोंडच तेवढं दिसत होतं."

तेव्हापासून ती दर रविवारी जाते. पहिल्या बसने, घड्याळजीला हाताला धरून. येणाऱ्याला चपला रांगेत काढायला लावते, काटकी टाकून दाखवते, शिट्टी वाजवते. लोक तिला कचेरीने नेमलेली बाई समजतात, काही जण हुज्जत घालतात, काही जण पाया पडायच्या बेतात असतात. दोन्ही तिला सारखेच नकोसे. या हंगामात तिथून सगळे परत आले. त्याचं श्रेय फलकावरच्या कवटीला मिळालंय, तसा अहवाल कचेरीत आहे. तारेचं कुंपण यायचं आहे म्हणतात, आलं की ती वाट बंद होईल. तिला अजून एक हंगाम मिळेल, नाहीतर तोही नाही.

निळ्या पिशवीत पोशाख दर रविवारी असतो. ती तो बाहेर काढत नाही. कोरडं बसतो म्हणणारे पुष्कळ भेटले. कुणी पाच मिनिटांत पाण्यात पाय सोडतो, कुणाचा फोन येतो, कुणी तिच्याकडेच बघत बसतो आणि पायरी विसरतो. आता ती कुणाला विचारत नाही, आणि कुणी विचारलं तर म्हणते, "माझं झालंय पोहून. तुम्ही जा." बारा वाजता ऊन आत उतरतं तेव्हा ती तोंड वळवून चपला मोजायला लागते.

हे तिला न विचारता लिहिलंय. वाचून ती चिडेल, चिडू दे.

रविवारी त्या डोहावर गेलात आणि काठावर गुडघा धरून बसलेली एक बाई दिसली, शेजारी मान ताठ ठेवून बसलेला म्हातारा दिसला, तर पाण्यात उतरू नका. तुम्हाला कितीही चांगलं पोहता येत असू दे. अर्धा तास काढा. मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाशी टाका, चपला घालूनच बसा, आणि तिला सांगा की आज तुम्ही कोरडे आहात. ती नको म्हणेल. पुन्हा सांगा. ती पाण्यात गेली की तिच्याकडे बघू नका, तिला बघायला तो आहे. तुम्ही पायरी बघा.